जोखीम कोणाच्या पदरी?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, बुलढाणा हे जिल्ह्याचे ठिकाण असूनही तिथे आजतागायत रेल्वे पोहोचलेली नाही, हे आपण सारे जाणताच. मलकापूर, नांदुरा, जळंब, शेगाव ही आपली रेल्वेची गावे जिल्ह्याच्या उत्तरेला एका ओळीत आहेत. जळंबहून एक छोटा फाटा खामगावला जातो. बाकी चिखली, मेहकर, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या घाटावरच्या मुलखाला आगगाडी पाहायची तर घाट उतरावा लागतो. घाटाखाली दीडशेहून अधिक वर्षे गाडी धावते आहे आणि घाटावर अजून तिची वाट पाहिली जाते. एसटीने हे अंतर काही फार नाही. पण रेल्वेच्या हिशेबात या दोन मुलखांमध्ये एक शब्द आडवा उभा आहे. तो शब्द म्हणजे जोखीम. घाटाखाली ती कुणीतरी पत्करली, घाटावर कुणी पत्करली नाही. आज याच शब्दाचा थोडा इतिहास आपल्यापुढे मांडायचा आहे.

मी कवितेचा माणूस, त्यामुळे आधी शब्दाकडे जातो. आपल्याकडे कापूस जोखतात, म्हणजे तोलतात. शब्दकोशात या दोन शब्दांचे नाते काहीही असो, माझ्या कानाला जोखीम या शब्दात काट्याचा आवाज ऐकू येतो. दुसरा शब्द विमा. तो फारसीतून आला. फारसीत ‘बीम’ म्हणजे भीती. तिसरा शब्द जबाबदार, म्हणजे ज्याला जबाब द्यायचा आहे तो. भीती वाटते म्हणून माणूस तोलून पाहतो. आणि तोलून झाल्यावर, उलटे काही घडले तर जबाब कोणी द्यायचा ते ठरवतो. लोहमार्ग, मेट्रो, बोगदे, महामार्ग बांधताना तज्ज्ञ मंडळी जोखमीचे मूल्यमापन आणि व्यवस्थापन करतात. त्यावर जाडजूड अहवाल निघतात. पण त्या साऱ्याचे सार या तीन शब्दांत आहे. इतिहास असे सांगतो, की भीतीची दखल बहुधा घेतली जाते आणि तोलणेही बऱ्यापैकी होते. जबाबाची वेळ आली की मात्र कागद हरवतो.

आपल्या रेल्वेचा जन्म १८५३ सालचा मानतात. १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, हे शाळेतल्या मुलालाही पाठ असते. पण खरा महत्त्वाचा दिवस त्याआधीचा आहे. १७ ऑगस्ट १८४९ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात करार झाला. मुंबईत नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारखी मंडळी रेल्वे यावी म्हणून खटपट करीत होती. भांडवल मात्र विलायतेतून यायचे होते आणि तिथला भांडवलदार घाबरलेला होता. अनोळखी देश, उंच डोंगर, धो धो पाऊस. त्यात इथले लोक गाडीत बसतील की नाही याचीही खात्री नाही. पैसे बुडाले तर?

त्या भीतीवर एक उपाय निघाला. गुंतवलेल्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी देण्यात आली. रेल्वेने तेवढे कमावले तर उत्तम; नाही कमावले तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून द्यायची. जमीन फुकट. शिवाय कंपनीला नको वाटले तर सहा महिन्यांची सूचना देऊन संपूर्ण मार्ग सरकारच्या स्वाधीन करावा आणि आपले भांडवल परत घ्यावे, अशीही मुभा पुढे या करारांत होती. म्हणजे नफा झाला तर भागधारकांचा आणि तोटा झाला तर इथल्या शेतसारा भरणाऱ्याचा. वऱ्हाडातल्या ज्या कुणब्याने अजून आगगाडी पाहिलीही नव्हती, तो एका फार मोठ्या धंद्याचा जामीन झाला होता. त्याची सही कुठेच नव्हती. डॅनियल थॉर्नर या अमेरिकी इतिहासकाराने या व्यवस्थेचे वर्णन खासगी धंदा आणि सार्वजनिक जोखीम अशा अर्थाच्या शब्दांत केले आहे.

याचा परिणाम काय व्हायचा? ज्याच्या खिशाला झळ नाही, तो खर्च आवरत नाही. व्हाइसरॉयच्या मंडळात अर्थखाते सांभाळलेले विल्यम मॅसी यांनी १८७२ साली पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली. पाच टक्के मिळणारच असल्यामुळे आपला पैसा हुगळी नदीत फेकला काय किंवा विटाचुन्यात घातला काय, भांडवलदाराला सारखेच होते, अशा आशयाचे ते बोलले. हा माणूस काही स्वदेशी चळवळीतला नव्हता, सरकारचा होता. आजच्या काळात मोठे प्रकल्प खासगी कंपन्या आणि सरकार भागीदारीत करतात. त्या करारांवर वाद होतात, न्यायालयात जातात. या साऱ्या वादांचा पणजोबा १८४९ चा तो कागद आहे.

आता घाटाकडे येऊ. मुंबईहून देशावर यायचे तर सह्याद्री ओलांडायला हवा. त्यासाठी दोन वाटा ठरल्या. पुण्याकडे जाणारा बोरघाट आणि नाशिककडे जाणारा थळघाट. आपण मलकापूर-शेगावहून मुंबईला जातो ते थळघाटाने, म्हणजे बोलीभाषेत कसाऱ्याच्या घाटाने. तो १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. त्याआधी २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते बोरघाट खुला झाला होता. या जुळ्या भावंडांपैकी बोरघाटाची हकिगत अधिक तपशिलाने लिहिली गेली आहे, म्हणून तीच सांगतो.

कंपनीचे मुख्य इंजिनिअर होते जेम्स बर्कली. १८५० साली ते मुंबईत आले. या माणसाने काम मनापासून केले याबद्दल शंका नको. घाटाची पाहणी, पुन्हा पाहणी, पर्यायी वाटा, चढाचे हिशेब, सारे त्यांनी काटेकोरपणे केले. सुमारे सोळा मैलांत अठराशे फुटांहून अधिक चढ चढायचा होता. बोगदे पंचवीस, मोठे पूल आठ. सर्वांत कठीण जागी सदतीस फूट पुढे गेल्यावर एक फूट वर, असा चढ. एका ठिकाणी डोंगराने वळायलाही जागा ठेवली नव्हती. तिथे त्यांनी उलट जाण्याचे स्थानक काढले. गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचे आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. १९२९ साली मार्ग बदलेपर्यंत ही युक्ती चालली. डोंगराची जोखीम बर्कलीसाहेबांनी अशी तोलली होती. तो त्यांचा मोठेपणा. घाट खुला झाला तेव्हा ते हयात नव्हते. १८६२ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले होते.

पण डोंगराबरोबर माणसेही होती. घाटाचे काम १८५६ च्या सुरुवातीला सुरू झाले. कंत्राट फॅव्हिएल नावाच्या इंग्रज कंत्राटदाराकडे होते. मुंबई-ठाणे मार्गाच्या बांधणीतही तो होता, म्हणजे अनुभव नव्हता असे नाही. मजूर मुकादमांमार्फत यायचे. बायकामुलांसह यायचे आणि मार्गाच्या कडेला गवताच्या झोपड्या घालून राहायचे. कड्यावर पाय ठेवायला जागा नसे तिथे माणसांना दोराने खाली सोडून सुरुंगाची भोके पाडली जात. १८५९ च्या जानेवारीत मजुरीच्या कारणावरून दंगल उसळली. त्याच वर्षी फॅव्हिएलने कंत्राट सोडले. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आला आणि विलायतेहून उतरल्यावर थोड्याच आठवड्यांत आजारी पडून वारला. मग त्याची विधवा पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने ते कंत्राट आपल्या नावावर चालवले आणि दोन कुशल माणसांना हाताशी धरून काम तडीला नेले. १८६१ च्या आरंभी घाटात एका वेळी ४२,००० माणसे कामाला होती.

या माणसांपैकी किती मेली? कॉलरा आणि ताप यांनी १८५९-६० च्या हंगामात तिथे थैमान घातले. दरडी, सुरुंग, पडझड हे वेगळेच. इयन कर या इतिहासकाराने रेल्वेबांधणीतल्या मजुरांवर मोठा अभ्यास केला. त्याच्या अंदाजाप्रमाणे आठ वर्षांत बोरघाटात पंचवीस हजारांच्या आसपास माणसे मेली असावीत. श्रोतेहो, मी ‘अंदाज’ हा शब्द मुद्दाम दोनदा उच्चारतो. अंदाज. पूल किती फूट उंच, बोगदा किती यार्ड लांब, दगड किती घनफूट निघाला, याचे आकडे पक्के आहेत. माणसांचा मात्र अंदाज. दगडाचे पैसे द्यायचे होते म्हणून दगड मोजला गेला. माणूस मेला तर कुणाला काही द्यायचे नव्हते, म्हणून तो कुणी मोजला नाही. जोखीम कोणाच्या पदरी पडली हे ओळखण्याची ही साधी खूण आहे. ज्या नुकसानीची नोंद होत नाही, ती जोखीम दुबळ्याच्या पदरी टाकलेली असते.

बांधकामाची गोष्टही इथेच संपली नाही. १८६७ साली, म्हणजे घाट खुला झाल्यावर अवघ्या चार वर्षांत, पावसाळ्यात बोरघाटातला म्हाऊ-की-मल्ली नावाचा दगडी पूल कोसळला. चौकशी झाली. डोंगराने दगा दिला नव्हता, बांधकामच कच्चे होते असे दिसून आले. तेव्हाच्या इतर दगडी पुलांकडेही मग संशयाने पाहिले जाऊ लागले. घाईत केलेल्या कामाची किंमत उद्‍घाटनाच्या दिवशी दिसत नाही. ती पाच-दहा पावसाळ्यांनंतर वसूल होते आणि तोवर हारतुरे वाळून गेलेले असतात.

आता घाटातली एक चांगली गोष्ट सांगतो. इगतपुरीहून मुंबईकडे उतरताना खिडकीत बसलेल्या माणसाला मुख्य रुळापासून फुटून डोंगरावर चढणारा एक रूळ दिसतो. थोडा वर जातो आणि संपतो. तिथे ना स्थानक, ना गाव. त्याला रेल्वेच्या भाषेत कॅच साइडिंग म्हणतात. उतारावर एखाद्या गाडीचे ब्रेक निकामी झाले तर ती सुसाट धावत खाली येऊ नये, म्हणून तिला या चढाच्या रुळावर घेतात. चढावर तिचा वेग आपोआप मरतो. सांधे नेहमी त्या रुळाकडे वळवलेले असतात. गाडी ठरल्याप्रमाणे थांबून आपण ताब्यात आहोत हे दाखवते, तेव्हा कुठे सांधा बदलून तिला मुख्य मार्ग मिळतो. म्हणजे घाटाचा नियम असा, की गाडी बिघडलेली आहे असे आधी धरायचे आणि ती शाबूत असल्याचा पुरावा मागायचा.

मला हा रूळ फार प्रामाणिक वाटतो. त्याच्यावरून एकही प्रवासी कुठे जात नाही, त्यातून एक रुपया उत्पन्न येत नाही. नफ्यातोट्याच्या वहीत तो निव्वळ खर्च आहे. पण कुणीतरी आधीच मान्य केले, की आपल्याकडून चूक होऊ शकते, लोखंड दगा देऊ शकते, आणि त्या चुकीसाठी डोंगरात जागा करून ठेवली. जोखमीचे व्यवस्थापन म्हणतात ते हेच. प्रकल्पाच्या नकाशात अपयशासाठी जागा राखलेली असायला हवी.

घाट ओलांडल्यावर रेल्वे खानदेशातून आपल्या वऱ्हाडात आली आणि १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले होते. इंग्रजांना इथला कापूस हवा होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस बंद झाला आणि इकडे भाव आकाशाला भिडले. मुंबईत पैशाचा पूर आला. युद्ध संपताच भाव कोसळले आणि पेढ्या, बँका, कंपन्या पत्त्यांच्या बंगल्यासारख्या पडल्या. रूळ नागपूरला पोहोचले तोवर तेजी सरली होती. मोठा प्रकल्प आजच्या भावावर ठरतो आणि पूर्ण होतो तेव्हा बाजार बदललेला असतो, हा धडा दीडशे वर्षांपूर्वीच मिळाला होता.

जळंब ते खामगाव हा आठ मैलांचा फाटा १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत सुरू झाला. खामगाव तेव्हा कापसाची फार मोठी बाजारपेठ होती. आठ मैलांचा सपाट काळ्या मातीतला मार्ग, ना बोगदा ना घाट. पण इतिहासाच्या दृष्टीने त्याला महत्त्व आहे. हमीच्या पद्धतीवर तोवर इतकी टीका झाली होती, की सरकारने स्वतःच रेल्वे बांधायला सुरुवात केली. आपला फाटा ‘खामगाव स्टेट रेल्वे’ म्हणून ओळखला गेला, तसाच बडनेरा-अमरावती फाटाही. म्हणजे जोखीम ज्याची, मालकीही त्याची, हे सूत्र आपल्या जिल्ह्यातल्या या चिमुकल्या मार्गाने फार लवकर पाहिले.

तरीही एक जोखीम वहीत आलीच नाही. रेल्वे आली तशी लिव्हरपूलच्या भावाची लहर थेट खामगावच्या बैलगाडीपर्यंत पोहोचू लागली. शेतकऱ्याने कापूस वाढवला. हाती पैसा आला, हे खरे. पण घरच्या ज्वारीऐवजी बाजारच्या ज्वारीवर त्याची मदार वाढत गेली. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात माणसे आणि गुरे हजारोंनी मेली, तेव्हा रेल्वे होती, गाड्या धावत होत्या. धान्य आणण्याची सोय होती. ते विकत घेण्याची ऐपत उरली नव्हती. रेल्वेने दुष्काळ आणला असे मी म्हणणार नाही, ते अन्यायाचे होईल. एवढेच म्हणतो, की मार्ग आखणाऱ्यांनी रुळांची, पुलांची आणि भांडवलाची जोखीम तोलली. मार्गाच्या दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्याचे आयुष्य त्या काट्यावर कधी ठेवलेच नाही.

स्वातंत्र्यानंतरचा एक दाखला महाराष्ट्रातलाच घेऊ. कोकण रेल्वे. मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांच्या आग्रहातून १९९० मध्ये तिचे स्वतंत्र महामंडळ झाले. ई. श्रीधरन प्रमुख झाले. केंद्र सरकार आणि महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ ही चार राज्ये भागीदार झाली, बाकी पैसा रोख्यांतून उभा राहिला. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर, ९० हून अधिक बोगदे. २६ जानेवारी १९९८ रोजी मार्ग राष्ट्राला अर्पण झाला. इतक्या अवघड मार्गासाठी ही वर्षे थोडीच म्हणायची. पण कातळापेक्षा मऊ मातीने जास्त छळले. गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्याने इंजिनिअरांची परीक्षा पाहिली. पुढे ऑगस्ट २०२० मध्ये त्याच बोगद्याची भिंत ढासळून वाहतूक थांबली, आणि जुलै २०२४ मध्ये तिथेच पाणी शिरून गाड्या पुन्हा अडल्या. भूगर्भ एकदा जिंकला की कायमचा जिंकला, असे होत नाही.

२२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीवर गाडी आदळली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. पुढच्याच वर्षी १६ जूनला महाडजवळ करंजाडीच्या पुलावर मत्स्यगंधा एक्सप्रेसला तसाच अपघात झाला. त्यानंतर डोंगर कापलेल्या जागी जाळ्या बसल्या, उतार कमी केले गेले, पावसाळी गस्त आणि वेगावरचे निर्बंध कडक झाले. पावसाळ्यासाठी तिथे वेगळे, सावकाश वेळापत्रक असते. आपण त्याला उशीर म्हणतो. मला त्यात कॅच साइडिंगचाच शहाणपणा दिसतो. डोंगर अजून आमच्या ताब्यात नाही, तेव्हा हळू चालू, असे रेल्वे जाहीरपणे सांगते. या मार्गाच्या बांधणीत जीव गमावलेल्या कामगारांचे स्मारक रत्नागिरीच्या स्थानकावर आहे. बोरघाटात मेलेल्यांच्या वाट्याला ती नोंदही आली नव्हती. एवढे अंतर आपण चाललो, हे मान्य करायला हवे.

साऱ्या जगातच हिशेब चुकतात, हेही सांगायला हवे. डेन्मार्कचे अभ्यासक बेंट फ्लिवबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली वीस देशांतल्या २५८ वाहतूक प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहापैकी नऊ प्रकल्पांत खर्च अंदाजापेक्षा वाढला होता. रेल्वे प्रकल्पांत तो सरासरी ४५ टक्क्यांनी जास्त निघाला. त्यांचे म्हणणे असे, की चुका नकळत झाल्या असत्या तर कधी अंदाज जास्त निघाला असता, कधी कमी. सगळ्या चुका एकाच बाजूला झुकत असतील तर काट्यावर कुणीतरी बोट ठेवलेले आहे. आपल्या बाजारातल्या माणसाला हे समजवायला डेन्मार्कच्या पंडिताची गरज नाही. बोट ठेवलेला काटा त्याने पाहिलेला असतो. प्रकल्प मंजूर व्हावा म्हणून खर्च कमी दाखवायचा आणि प्रवासी जास्त, ही युक्ती सर्व देशांत एकच आहे. त्यावर त्यांचा उपायही साधा आहे. आपला प्रकल्प जगावेगळा आहे असे समजू नका. असे प्रकल्प पूर्वी प्रत्यक्षात कितीला पडले ते पाहा आणि तिथून हिशेब सुरू करा. लग्नघरात वडीलधारी माणसे हेच करतात. मागच्या लग्नाला किती लागले, ते आधी विचारतात.

आता पुन्हा आपल्या घाटावर येतो. खामगाव-जालना रेल्वेची मागणी ब्रिटिश काळापासूनची आहे. सुमारे १६२ किलोमीटरचा हा मार्ग. तो झाला तर चिखली, देऊळगावराजा हा पट्टा रेल्वेने जोडला जाईल आणि वऱ्हाड मराठवाड्याला मिळेल. पाहण्या झाल्या, आंदोलने झाली, निवडणुकांमागून निवडणुका झाल्या. अडसर वारंवार एकच सांगितला गेला. अपेक्षित परतावा बसत नाही. कित्येक वर्षे रेल्वेचा दंडक असा होता, की नव्या मार्गाने चौदा टक्के परतावा द्यावा. सरकारी पैसा उधळू नये म्हणून असा दंडक हवाच, यात वाद नाही. १८४९ साली तो नव्हता म्हणून तर हमीचा घोळ झाला.

पण इथे काट्याचे दुसरे पारडे रिकामे राहते. रेल्वे बांधली तर पैसे बुडण्याची जोखीम तिच्या खात्यात लिहिली जाते. रेल्वे बांधली नाही तर काय बुडते? अवघड रस्त्याने शहराच्या दवाखान्यात जाणारा रोगी, शिक्षणासाठी बाहेर पडू न शकलेली मुलगी, ट्रकच्या भाड्याने खाल्लेला सोयाबीनचा भाव, कामासाठी पुणे-मुंबई गाठणाऱ्या पोरांच्या बसमधल्या रात्री. हा तोटा रेल्वेच्या कुठल्याच खात्यात पडत नाही. तो घराघरांत वाटला जातो, म्हणून दिसत नाही. बोरघाटातल्या मृतांची आणि या तोट्याची जात एकच. दोन्ही मोजलेले नाहीत.

मधल्या काळात आपल्या जिल्ह्यात समृद्धी महामार्ग आला. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग. घाटावरच्या मुलखाला पहिल्यांदा वेग मिळाला, हे नाकारता येणार नाही. पण १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याच्या हद्दीत खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी जळून गेले. बरोबर महिन्याने, शहापूर तालुक्यात याच महामार्गाचे काम चालू असताना पुलाच्या तुळया उचलणारे अवजड यंत्र कोसळून २० कामगार आणि इंजिनिअर ठार झाले. एका महिन्यात, एकाच मार्गावर, एका टोकाला प्रवासी आणि दुसऱ्या टोकाला बांधणारे. सरळसोट एकसुरी रस्त्यावर चालकाला गुंगी येते, याची चर्चा अपघातांनंतर झाली. वाटेतले विसावे, उपाहारगृहे, दवाखान्याची सोय ही त्या रस्त्याची कॅच साइडिंग होती. उत्पन्न न देणारी, पण आधी लागणारी. रस्ता खुला झाला तेव्हा ती पुरती उभी राहिलेली नव्हती.

श्रोतेहो, मोठी कामे होऊच नयेत असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. ज्याच्या गावात रेल्वे आहे त्याने तसे म्हणणे सोपे असते. सह्याद्री फोडला नसता तर आज आपण कुठे असतो, याचा विचार करवत नाही. जोखीम घेतल्याशिवाय घाट चढता येत नाही. मागणी एवढीच, की ज्याच्या खांद्यावर ती ठेवता त्याला आधी सांगा, त्याला विचारा, आणि त्याचे नाव वहीत लिहा.

उद्या आपल्या भागात मार्गाची आखणी होईल, जमिनी मोजल्या जातील, जनसुनावणीची नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागेल. ती वाचायला जा. खर्च किती आणि उद्‍घाटन कधी, हे सगळेच विचारतात. आपण तिथे आणखी काही विचारू या. खर्च वाढला तर तो कोण भरणार? मार्गावर कामाला येणारी माणसे कुठे राहणार, आजारी पडली तर कुठे जाणार आणि त्यांची हजेरी कोणाच्या वहीत असणार? पहिल्या मोठ्या पावसात काय ढासळू शकते आणि त्यासाठी आधी काय करून ठेवले आहे? आणि हा मार्ग केलाच नाही, तर नुकसान कोणाचे, हे कोणी मोजले आहे का? उत्तरे लेखी मागा. तोंडी उत्तराला पुढे कुणी जबाबदार राहत नाही.